पिस्तुलातली अक्षत

ज्याच्या कमरेला शस्त्र आहे, त्याला या भूतलावर कुणाचंही भय नाही. त्र्यंबकरावांना मात्र एक होतं: पँट खाली येण्याचं. भरलेलं पिस्तूल चांगलं वजनदार असतं आणि एकाहत्तराव्या वर्षी त्याला अडवायला कंबर अशी उरलेली नसते.

परवाना रीतसर होता. पिस्तूल स्वेटरखाली झाकलेलं असे. अमेरिकेतल्या त्यांच्या बॉथेल गावच्या मराठी मंडळींनी त्या उंचवट्याला हर्नियाचा पट्टा ठरवून टाकलं होतं. "काका, आता कसं आहे?" असं कुणीतरी हळूच विचारायचं. पत्नी सुनेत्राबाई गेल्यापासून इतक्या आपुलकीनं कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तेही सांगत, "जरा उतार आहे."

दर शनिवारी ते नेमबाजीच्या रेंजवर जाऊन पन्नास गोळ्या झाडत. त्यातल्या काही स्वतःच्या निशाणाच्या कागदाला लागत. खरं तर ते जात डेलसाठी. डेल रेंजवर देखरेख करायचा आणि निघताना त्र्यंबकचं नुसतं ‘टी’ करून म्हणायचा, "सी यू सॅटर्डे, टी." अख्ख्या आठवड्यात त्यांची वाट पाहणारा तेवढाच एक माणूस.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी पिस्तूल पहिल्याच गोळीला अडकलं. डेलनं ते रिकामं करून उघडलं. आत तेलात कालवलेलं काहीतरी लालपिवळं होतं, आणि तांदळाचा एक दाणा. दाणा तळहातावर घेऊन तो बराच वेळ बघत राहिला. त्र्यंबकरावांनी खुलासा केला, की खंडेनवमीला आम्ही शस्त्रांची पूजा करतो. हळदकुंकू वाहतो, अक्षता टाकतो. सुनेत्रा आयुष्यभर विळी पुजत आली. यंदा म्हटलं, घरात खरंखुरं शस्त्र आहे, तर हात आखडता कशाला घ्या.

डेल म्हणाला, घरी जाऊन पूर्ण साफ कर, शिकवलंय तसं.

इथे त्र्यंबकराव खोटं बोलले. स्प्रिंग परत बसवता येत नाही म्हणाले. एकतीस वर्षं विमानाच्या चाकांची यंत्रणा बसवण्यात घालवलेला माणूस.

डेल म्हणाला, पाचला सुटतो, येतो.

पाच वाजेपर्यंत त्यांनी दोनदा चहा केला आणि दोनदा ओतून दिला. डेल आला. त्यानं जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला, नळीतून ब्रश फिरवला, मग चिंध्या. चिंध्या त्र्यंबकरावांनी सुनेत्राबाईंच्या पांढऱ्या सुती साडीच्या चौकोनी कापून ठेवल्या होत्या. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत घालत राहायची, असा नियम. पहिली लाल निघाली. दुसरी नारिंगी. त्र्यंबकराव दर चिंधीला ती मळकी निघावी म्हणून मनातल्या मनात देवाला सांगत होते. सहावीपर्यंत देवानं ऐकलं.

सातवी पांढरीशुभ्र निघाली.

डेलनं तेलाचा थेंब सोडला, एका बोटानं स्प्रिंग बसवली, हात धुतले, चहाला छान म्हणाला आणि जाकीट चढवलं. घरात फ्रिजची घरघर पुन्हा ऐकू यायला लागली.

"डेल," त्र्यंबकराव म्हणाले, "त्या दिवशी पूजेत आणखीही हत्यारं होती."

डेलचा हात जाकिटाच्या चेनवरच थांबला. "आणखी किती आहेत?"

"एकच. पण तेही तेव्हापासून अडकतंय." त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. "आलाच आहेस तर तेवढा मिक्सर बघतोस का?"