अठरावी चावी

वत्सलाबाईंच्या दारामागं एक खिळा होता आणि त्या एका खिळ्यावर सतरा घरं टांगलेली होती.

घरं म्हणजे घरांच्या चाव्या. दिवाळी झाली की आष्टीजवळच्या त्या वस्तीतली ख्रिस्ती गल्ली ऊस तोडायला निघून जायची, आणि जाताना प्रत्येक घर आपली चावी वत्सलाबाईंच्या हातावर ठेवायचं. परत यायचं ते थेट उन्हाळ्यात. नाताळसुद्धा तिकडंच, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत. बाईंनी त्या सगळ्या चाव्या एका सुतळीत ओवल्या होत्या आणि कुठली कुणाची हे त्यांना न बघता, नुसत्या बोटांनी कळायचं.

चाव्या नुसत्या सांभाळायच्या असत्या तर काय, तेवढं काम खिळ्यानंही केलं असतं. पण बाई रोज पहाटे पाचला उठायच्या, गोधडीवर गुडघे टेकायच्या आणि एकेक चावी मुठीत धरून त्या घरातल्या लहानथोरांची नावं देवापुढं घ्यायच्या. “कोयता पायावर येऊ देऊ नको. गाडी उलटू देऊ नको. लेकरांना इचूकाट्यापासून राख.” सतरा चाव्यांना दीड तास लागायचा. गुडघ्यांची पार वाट लागली होती. महिन्यातून दोनदा येणारे पाळक एकदा म्हणाले, “वत्सलाबाई, जरा निवांत झोपत जा. देव जागाच असतो.”

“जागा असतो, खरं हाय,” बाई म्हणाल्या. “पण त्याला कामं किती! कुणीतरी आठवण नको का द्यायला?”

पाळक हसले. बाई हसल्या नाहीत.

कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे मालक, धुळाजी, ऊसतोडीला गेले होते आणि बाई आजारी सासूसाठी मागं राहिल्या होत्या. एका पहाटे बाईंचा डोळा उघडलाच नाही. जाग आली तेव्हा ऊन उंबऱ्यावर आलं होतं. प्रार्थना दुपारी करू म्हणून त्या कामाला लागल्या, आणि दुपारी निरोप आला की भरलेल्या गाडीवरून धुळाजी पडले आणि जागीच गेले. आपण झोपलो होतो हे बाईंनी कुणालाही सांगितलं नाही. तेव्हापासून एकही पहाट चुकली नव्हती. गल्ली त्याला श्रद्धा म्हणायची. ती भीती होती, आणि हे फक्त बाईंना ठाऊक होतं.

यंदा सुतळीतली पहिली चावी सुरजची होती, त्यांच्या लेकाची. तो शेजारच्याच दोन खोल्यांत राहायचा. त्याची बायको स्वप्नाली पोटुशी असताना त्याच्यासोबत उसाच्या फडावर गेली होती. तोडीचं काम जोडीचं, एकट्या माणसाला कुणी धरत नाही. जाऊ नको म्हणून बाईंनी हातापाया पडून बघितलं होतं. आता माघ लागला होता, पोरीचे दिवस भरत आले होते, आणि पहिल्या चावीलाच पाऊण तास जाऊ लागला होता.

अशात एका बुधवारी सकाळी बाईंच्या चुलीचा धूर दिसला नाही. तो दिसला नाही हे दिसलं कमरजहाँला. तिचा नवरा चाँद समोरच्या शेडमध्ये पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. ती धावत आली तर बाई जमिनीवर पडलेल्या, अंग तव्यासारखं तापलेलं, मुठीत चाव्यांचा जुडगा. चाँदनं टेंपो काढला आणि बाईंना आष्टीच्या दवाखान्यात नेलं. कमरजहाँनं घराला कुलूप लावलं.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा कमरजहाँ उशाला मोसंबी सोलत होती.

“आज वार कोणता ग?”

“शनवार, मावशी.”

बाईंनी बोटांवर दिवस मोजले आणि हाताची सलाईन ओढायला लागल्या. “चाव्या! माझ्या चाव्या कुठंयत? चार पहाटा गेल्या, चार! माझी स्वप्नाली…”

“चाव्या माज्या घरी हायेत. पडा गपचिप. कावून एवढं करताय?”

मग बाईंनी सांगितलं. अकरा वर्षं पोटात ठेवलेलं, उंबऱ्यावरच्या उन्हासकट सगळं. कमरजहाँचा हात मोसंबीवर तसाच थांबला. तिनं समजूत घातली नाही, की देवाधर्माचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, “मावशी, कोंबडं झाकलं म्हनून उजाडायचं ऱ्हात न्हाई,” आणि सुरजचा नंबर लावून फोन त्यांच्या कानाला धरला.

“आई!” सुरज ओरडलाच. “कालपासून लावतोय, तुजा फोनच लागंना! अगं, पोरगी झाली काल. दवाखान्यात झाली, दोघी चांगल्या हायत. लई केस हायत डोक्याला!”

बाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला. “आन् तू? तू बरा हायस ना?”

“मी बरा. मंगळवारी बोटावर कोयता आलता, चार टाके पडलेत. आता काय न्हाई.”

फोन बंद झाला. कमरजहाँला वाटलं, म्हातारी आता आनंदानं रडेल. पण बाईंचा चेहरा चिडल्यासारखा झाला. मंगळवारी त्या उठल्या होत्या. मंगळवारी त्यांनी पहिली चावी धरून पाऊण तास कोयत्याचंच मागणं मागितलं होतं.

“मी जागी होते तवा त्याचं बोट कापलं,” त्या म्हणाल्या, “आन् मी बेसुद पडले तवा लेकरू सुखरूप आलं. मग अकरा वर्षं मी करत काय होते ग?”

“माया करत होता,” कमरजहाँ म्हणाली. “राखण वरचा करतोय. तुमी दोन्ही कामं अंगावर घेतली.”

मोसंबीची फोड त्यांच्या हातात देऊन ती पाणी आणायला गेली. बाई छताकडं बघत राहिल्या. आपल्यावाचून देवाचं अडलं नाही, याचा त्यांना रागच आला होता, खोटं कशाला बोला! पण राग ओसरला तसं त्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं. धुळाजी गेले त्या पहाटेही देव जागाच होता. मग ते का पडले, हे त्यानं सांगितलं नाही, आणि बहुतेक कधी सांगणारही नाही. पण ते बाईंच्या झोपेनं पडले नव्हते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच बाई धुळाजींसाठी रडल्या. एवढे दिवस त्या स्वतःच्या गुन्ह्यासाठीच रडत होत्या.

सोमवारी त्यांना घरी आणलं. कमरजहाँनं दार उघडलं, जुडगा खिळ्याला अडकवला आणि दटावून गेली, “उद्या उठू नका.”

पण सवय ती सवय. मंगळवारी पाचला डोळे उघडलेच. बाईंनी अंधारात जुडगा घेतला आणि बसूनच सुरुवात केली. सुरज, स्वप्नाली आणि अजून नाव नसलेली ती केसाळ पोर. मग पुढचं घर, त्याच्या पुढचं. सतरावी चावी झाली आणि बोटांना आणखी एक लागली.

ही कुणाची? बोटांना ओळख पटेना. बाईंनी ती चाचपली, दात मोजले, आणि मग एकदम लक्षात आलं. ती त्यांच्याच घराची होती. कमरजहाँनं कुलूप लावून ती त्याच सुतळीत ओवली होती. बाई कधी कुठं जातच नव्हत्या, तर हिची ओळख व्हावी कशी?

ती मुठीत धरून त्या बसून राहिल्या. काय मागावं सुचेना. सतरा घरं दरसाल चावी त्यांच्या हातावर ठेवतात, ट्रकमध्ये चढतात आणि मागं वळून बघत नाहीत. तिकडं कोपीत पडलेली माणसं कुलपाच्या काळजीनं कधी जागी राहत नाहीत, कारण चावी वत्सलाबाईंकडं आहे. एका म्हातारीवर एवढा भरवसा, जी झोपू शकते, तापानं पडू शकते! आणि आपण? देवाला रोज आठवण दिली, पण त्याच्या हातावर एक चावी कधी ठेवली नाही. बाईंना लाज वाटली. मग जरासं हसूही आलं.

“ही तू ठेव,” त्या म्हणाल्या. “आन् त्या सतराबी. मी लई दमले.”

जुडगा खिळ्याला अडकवून त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढली.

आठ वाजता कमरजहाँ चहा घेऊन आली तर दार बंद. चुलीचा धूर नाही. तिनं खिडकीतून आत पाहिलं. बाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

ऊन उंबऱ्यावर आलं होतं. कमरजहाँ तिथंच बसली आणि समोरच्या शेडमधल्या चाँदला तिनं हातानं खूण केली, मशीन बंद कर.