सातवा रकाना

२००९ सालच्या सप्टेंबरात स्वाइन फ्लू जगभर फिरून देवरी तालुक्यातल्या साजटोल्याला पोचला. त्याच्या मागोमाग त्याचा फॉर्मही पोचला. फॉर्मला नऊ रकाने होते. ताप, खोकला, घसा हे सगळे शोभेचे. खरा रकाना सातवा : 'बाहेरून आलेले आहात काय?' मूळ कागदावर म्हणे 'परदेशातून' असं होतं. पण रकाना अरुंद होता आणि टाइप करणारा समजूतदार. सातव्यात 'हो' असेल तर ताप आलेल्याला गोळ्या. 'नाही' असेल तर कोमट पाणी.

नर्स रविता फॉर्म घेऊन घरोघर निघाली. पहिलं घर छोटेलाल पटल्यांचं. धानाची शेती, दारात ट्रॅक्टर, अंगात ताप. काका घोंगडं पांघरून खाटेवर बसले होते.

"काका, बाहेरून आले का?"

पटले हे जातीने पवार, आणि पवार माणसाला हा प्रश्न विचारला की त्याचा अर्धा ताप तिथेच उतरतो. छोटेलाल सरसावले. "आलो तं. माळव्यातून आलो."

"केव्हा?"

"झाले असतीन तीनशेक वर्सं. नक्की सांगाले आजाचा आजा पाहिजे होता."

प्रशिक्षणात रविताला बजावलं होतं, माणूस सांगेल तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. तिने लिहिलं : 'हो. माळवा.' वर्षाला रकाना नव्हता.

दुसरं घर बांधापलीकडचं, बकाराम कुमरे या गोंड शेतकऱ्याचं. त्याची सून रुख्मा सात महिन्यांची गरोदर. तीन दिवसांचा ताप, आणि आता एक वाक्य बोलायला तिला तीनदा थांबावं लागत होतं. रविताने आधी तिच्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे.

"मामा, तुम्ही बाहेरून आले का?"

"आमी कायले बाहेरून येऊन?" बकाराम म्हणाला. "आमी इथलेच."

"नीट आठवून सांगा, मामा."

"आठवाचं काय त्याच्यात? कुठं गेलोच नाई तं येऊन कुठून?"

रविताने बराच वेळ पेन हवेत धरलं आणि मग 'नाही' लिहिलं. गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं तर तिथेही दारातच सातवा रकाना विचारत आणि कोमट पाणी सांगून परत धाडत.

संध्याकाळी तालुक्याच्या कॉम्प्युटरवर फॉर्म चढले. कॉम्प्युटरमध्ये देशांची यादी होती. तीत माळवा सापडेना, म्हणून ऑपरेटरने जवळचा देश घेतला : मलावी. दुसऱ्या दिवशी सकाळी साजटोल्यात जीप आली. तिच्यातून तोंडाला मास्क बांधलेले तालुक्याचे डॉक्टर उतरले आणि छोटेलालच्या खाटेपासून सहा फूट मोजून उभे राहिले.

"मलावीत किती दिवस होतात?"

"कोनती मलावी?"

"आफ्रिकेतली."

छोटेलालने थोडा विचार केला. "सायेब, मी एकडाव नागपूरले गेलो होतो. भावाच्या केसची तारीख होती. तिथं आफ्रिका लागते का मधात?"

डॉक्टरांनी रविताकडे पाहिलं. रविताने जीपकडे पाहिलं.

"काका माळवा म्हणाले, सर. मी माळवाच लिहिलं."

"तिकडं धान पिकते का?" छोटेलालने विचारलं. "मलावीत?"

डॉक्टरांनी पाकीट काढलं. "या दहा गोळ्या तुमच्या नावाने आल्यात."

"मले काय झालं? ताप गेला. सकाळी दोनदा भात जेवलो. बकारामच्या सुनेले द्या, तिची छाती वाजून राहिली. रातभर इथंवर आयकू येते."

डॉक्टर बांध ओलांडून गेले. घड्याळ लावून त्यांनी रुख्माचे श्वास मोजले. मग पुन्हा मोजले.

"हिला तर सगळ्यांच्या आधी गोळी मिळायला हवी."

"मंग द्या नं," बकाराम म्हणाला.

"सातव्यात 'नाही' आहे." बोलून झाल्यावर त्या वाक्याचं डॉक्टरांना स्वतःलाच कसंसं वाटलं असावं.

बकाराम उकिडवा बसला. "सायेब, मले एक समजत नाई. बिमारी आली बाहेरून. औषध आलं बाहेरून. आता ज्याले द्याचं तोही बाहेरून पाहिजे. मंग इथल्याच्या वाट्याले काय, नुसता ताप?"

स्वरात तक्रार नव्हती. जीप कोणत्या तेलावर चालते हे विचारावं, तसं तो विचारत होता. डॉक्टरांनी रविताच्या हातातला फॉर्म घेतला.

"तुमचे पूर्वज तरी कुठून आले?"

"पुरखे? कचारगडच्या गुफेत कोंडून होते. तोंडावर मोठा धोंडा. तो सरकला तवा बाहेर आले."

"बाहेर आले?"

"आले तं. नाई तं आमी कसे असतो?"

"गुहेतून बाहेर."

"मंग सांगून काय राहिलो?"

डॉक्टरांनी 'नाही' खोडून 'हो' लिहिलं, पुढे 'कचारगड' लिहिलं आणि खाली सही केली. पहिली गोळी त्यांनी स्वतः रुख्माला दिली. "आता जीपमध्ये बसवा. 'हो' आहे, आता गोंदियाला कोणी परत पाठवणार नाही."

"सर, पलीकडच्या टोल्याच्या वस्तीत अजून दोघी तापाने पडल्यात," रविता म्हणाली. "एकीला सहावा महिना, एकीला आठवा. त्याही कुठून आल्या नाहीत."

"नीट विचारा," डॉक्टर म्हणाले. "कुठून ना कुठून बाहेर आल्याच असतील."

रुख्मा आठ दिवसांनी परत आली आणि आल्या आल्या पेज मागून दोन वाट्या प्यायली. पोटातलं पोर लाथा मारत होतं. त्याच आठवड्यात वरून रविताच्या नावाने खुलासा मागणारं पत्र आलं : 'मलावीहून आलेला रुग्ण व कचारगडहून आलेली रुग्ण यांचा परस्परसंपर्क नेमका कोठे झाला, ते तातडीने कळवावे.'

रविताने दोन्ही घरांकडे एकदा बघून घेतलं आणि लिहिलं, 'सामाईक बांधावर.'