बारा नंबरचा खांब

मी 'खांब' बोलतोय. वर पाहू नका, माझ्यावर कुठलंही छत टेकलेलं नाही. मी दीपमालाच्या लॅपटॉपमध्ये राहतो, पायथॉनच्या चाळीस ओळींत. प्रोग्रामवाले मला क्लास म्हणतात. तुम्ही साचा म्हणा.

दीपमाला शहरातल्या महाल भागातल्या एका लहानशा कंपनीत इंजिनिअर. सावनेरकडच्या एका खाणीत छत पेलायला कोळशाचेच बहात्तर खांब राखलेले होते. शेजारची आणखी एक रांग काढली तर हे बहात्तर भार सोसतील का, हे संगणकावर सिम्युलेशन करून सांगायचं काम तिच्याकडे आलं. त्याच खाणीत तिचे बाबा, नत्थूभाऊ, वीस वर्षं उतरताहेत.

"काहून डोकं खपवून राहिली, पोरी? एका खांबाच्या हिशोबाची जुनी फाइल घे, बहात्तर वेळा चिकटव अन् मोकळी हो," तिचे साहेब मनोहरराव म्हणाले.

ऐकेल तर ती दीपमाला कसली! तिनं मला घडवलं. करंजीचा साचा एकच असतो, सारण जिचं तिचं, तसंच माझं. माझ्यातून बहात्तर खांब निघाले आणि 'भार सांग' म्हटलं की प्रत्येक जण आपापला भार सांगू लागला. मी तर फुगूनच गेलो होतो.

पण घाईत एक चूक झाली. रुंदी तिनं खांबाखांबाला न देता माझ्यातच लिहून टाकली. नकाशात सगळे सारखेच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. पडद्यावर बहात्तरही हिरवे, म्हणजे सुरक्षित! मनोहरराव खूश. मला सगळं दिसत होतं, पण मला विचारतो कोण?

त्या संध्याकाळी जेवताना नत्थूभाऊ म्हणाले, "बारा नंबरचा खांब लय झडून राहिला वं. काठीनं मोजला, तर नकाशापेक्षा दोन हात कमी भरला."

दीपमालाचा घास हातातच राहिला. "बाबा, बाकीचेही मोजता तुम्ही?"

"दर सोमवारी. माप खांबावरच खडूनं लिहून ठेवतो. उद्या कागदावर उतरवून आणून देतो तुले."

दुसऱ्या दिवशी तिनं बाराची रुंदी कमी केली, तर सगळे बहात्तर एकदम लाल! तिनं कपाळावर हात मारला. मग माझ्या दोन ओळी बदलून ज्याची रुंदी त्याच्याजवळ दिली आणि बाबांनी उतरवून आणलेली मापं भरली. आता फक्त बारा आणि त्याचा भार अंगावर घेणारा तेरा लाल राहिले.

"अहवाल आजच द्याचा आहे," मनोहरराव कुरकुरले.

"सर, त्या बाराजवळून माझे बाबा रोज जातात."

मनोहरराव तिच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून त्यांनी सगळी मापं स्वतः तपासली आणि स्वतःच खाणीत फोन लावला. रांग काढायचा बेत रद्द झाला, बाराकडची वाट दोर बांधून बंद झाली.

नवव्या दिवशी बाराची एक बाजू ढासळली. तिथे चिटपाखरूही नव्हतं. ऑफिसात पेढे वाटले गेले, आणि खरं सांगतो, मी जिंकलो होतो!

आता जुनी फाइल कुणी उघडत नाही. मनोहररावांनीच माझ्यावरून 'टेकूचा खांब' बनवलाय. माझं सगळं घेतलं, वर फक्त लाकडी टेकूचा आधार जोडला. माझं लेकरूच ते.

परवा नत्थूभाऊ ऑफिसात आले. "माहा बारा नंबर दाखव बरं," म्हणाले. पडद्यावरच्या लाल चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं. मग खिशातून खडू काढला. "इथं बी माप लिहू का?" सगळे खो खो हसले, दीपमालाचे डोळे मात्र भरले.

मला हवा तितका वापरा, बाबांनो. फक्त आधी काठीनं मोजा, मग मला सांगा. नत्थूभाऊंचा तो खडू दीपमालानं माझ्या शेजारीच ठेवलाय.