एका मशीनवर दोघी

थोरलीने त्याच ओळीच्या शेवटी पुन्हा सेमीकोलन ठोकला आणि धाकटीने तिच्या बरगडीत कोपर मारलं.

"काय झालं आता?"

"ताई, फॉरच्या ओळीला नाही द्यायचा तो. कालही सांगितलं, परवाही सांगितलं."

"सरच म्हणाले ना, ओळ संपली की द्यायचा म्हणून?"

"ही ओळ संपत नाही. खालचं सगळं हिच्या पोटात असतं."

"दिसायला तर संपलेली दिसते," थोरली म्हणाली आणि तिने सेमीकोलन पुसला. पुसतानाचा चेहरा असा, की भांडं धाकटीने फोडलंय आणि काचा हिला वेचाव्या लागताहेत.

तो एक टिंब-स्वल्पविराम, पण त्याने वर्षभर उच्छाद मांडला होता. सातचा पाढा मागावा तर मशीन एकदाच 'सत्त्याहत्तर' म्हणून गप्प बसायचं. सत्त्याहत्तर का, हे धाकटीने समजावलं होतं: लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी ती फॉरची ओळ, आतल्या आत फिरून दमते, छापायची वेळ येते तेव्हा आकडा दहा ओलांडून अकरावर गेलेला असतो. थोरली ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्त्याहत्तर.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मुलं जास्त आणि मशीनं कमी, त्यातली निम्मी आजारी. म्हणून एका मशीनवर दोघं, हजेरीच्या क्रमाने. हजेरी आडनावावरून, आणि एकाच घरातल्या दोन सुनांचं आडनाव वेगळं कुठून असणार? त्यामुळे घरी एका ओट्याशी उभ्या राहणाऱ्या दोघी इथेही स्टुलाला स्टूल लावून बसल्या. वर्गातल्या पोरांनी त्यांचं नाव 'जावा' ठेवलं. त्या नावाची एक कॉम्प्युटरची भाषाही असते, हा विनोद त्यांना रोज नव्याने सुचायचा.

एक दिवस एकाने टाइप करायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, असा सरांचा नियम होता. पहिल्याच दिवशी थोरली कीबोर्डसमोर बसली आणि नियम तिथेच संपला. घरी गॅसपुढे ती उभी असली की दुसऱ्या कुणाची चमचा ढवळायची टाप नसे, तसंच हे. धाकटी शेजारून सांगायची, थोरली बडवायची. सुरुवातीला एकेक अक्षर शोधणारी तिची बोटं दिवाळखोर दुकानदाराच्या हिशेबासारखी अडखळायची, पण वर्ष सरता सरता ती खाली न बघता टाइप करायला लागली. धाकटीच्या तोंडातून शब्द सुटायचा अवकाश, तो पडद्यावर उमटलेला असायचा. डोकं मात्र सगळं धाकटीचं, असं धाकटीचं ठाम मत होतं.

कॉलेजचा हट्टही तिचाच होता. लग्नाआधी राहून गेलेलं शिक्षण तिला पुरं करायचं होतं. सासऱ्यांनी जेवता जेवता निकाल दिला होता, "एकटीने जायचं नाही. थोरली बारावी झालेली आहे, तिचंही नाव घाला, सोबत होईल. आणि दोघी पास झाल्या तर पुढचं वर्ष. नाही तर दोघी घरी. नुसतं हुंदडायला मी कुणाला पाठवणार नाही." थोरलीने तेव्हा पातेल्यावर झाकण आपटलं होतं. "घ्या! हेच एक राहिलं होतं माझ्या नशिबात." त्या दिवसापासून रोज जाता-येता तिचं एकच रडगाणं. तुझ्यापायी माझ्या टाचा झिजल्या. तुझ्यापायी पोराचा अभ्यास मागे पडला. तुझ्यापायी या वयात बेंचवर बसायची वेळ आली. धाकटी हूं हूं करत चालायची. दुसरं करणार काय? गरज तिला होती.

त्या दिवशी तास संपताना सरांनी फळा पुसला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "प्रॅक्टिकलला जोड्या नाहीत. एकेकाने बसायचं. विषम नंबर सकाळी, सम नंबर दुपारी. प्रोग्राम चालून दाखवला पाहिजे. आउटपुट नाही तर मार्क नाहीत."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरली पर्समधली किल्ली शोधत होती.

"ताई, ऐकलंत का?"

"ऐकलं. माझं सकाळी, तुझं दुपारी. मग डब्याचं कसं करायचं?"

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला.

घरी मशीन नव्हतं. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अभ्यास सुरू झाला. धाकटी चौकोन काढायची, बाण काढायची. थोरली मटार सोलत बघायची.

"आधी आकडा घ्यायचा. मग तपासायचं. मग काम. मग आकडा एकने वाढवायचा. परत तपासायचं. कळलं?"

"परत का तपासायचं? आत्ताच तर तपासलं."

"ताई! आकडा वाढला ना मध्ये!"

"मग तसं सांग ना. तू शिकवत नाहीस, पळतेस. आणि आवाज खाली घे, मी काही बहिरी नाही."

"किती वेळा सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!"

तोंडातून गेलं आणि धाकटीने जीभ चावली. थोरलीचा हात शेंगेवर थांबला.

"हो का? तू आपली उंटावरची शहाणी. वर्षभर शेजारी बसून फक्त शेळ्या हाकल्यास. एक दिवस तरी स्वतः टाइप केलंस?"

"तुम्ही करू दिलंत?"

"तू मागितलंस?"

धाकटीने मागितलं नव्हतं, हे खरंच होतं. शेजारी बसून चुका दाखवण्यात एक ऐट होती आणि ती तिला आवडायची. पण हे आत्ता थोरलीपुढे कबूल करायचं म्हणजे तिच्या हातात कोलीतच. तिने कॅलेंडरचं पान उलटलं आणि दुसरा चौकोन काढला.

"तुमच्यामुळे माझं वर्ष जायला नको, एवढंच म्हणते," ती पुटपुटली.

मटाराचे दाणे थोरलीने इतक्या जोरात वाटीत टाकले, की दोन-चार खाली घरंगळले. ते वाकून उचलायलाही ती थांबली नाही.

परीक्षेच्या दिवशी धाकटी सकाळीच जाऊन लॅबबाहेरच्या पायरीवर बसली. स्वतःच्या पेपरची तिला काडीची चिंता नव्हती. पुस्तकातले सगळे प्रोग्राम तिला झोपेतून उठवून विचारले तरी आले असते. आत थोरली काय दिवे लावतेय, एवढाच विचार तिच्या डोक्यात घोळत होता. दर थोड्या वेळाने ती खिडकीतून डोकावायचा प्रयत्न करी आणि शिपाई तिला हाकलून लावी.

थोरली बाहेर आली ती पदराने कपाळ पुसत.

"काय आलं होतं?"

"बेरीज. एकपासून शंभरपर्यंत."

"लूपचं! आणि फॉरच्या ओळीला..."

"नाही दिला."

"खरंच?"

"हात गेला होता तिथे. तुझं कोपर लागल्यासारखं वाटलं. आवरला." थोरलीने पर्स खांद्याला अडकवली. "तोंडी परीक्षेत सर म्हणाले, लूप म्हणजे काय ते तुमच्या शब्दांत सांगा. म्हटलं, काम संपलं का बघायचं, नसेल तर करायचं, आणि परत बघायचं संपलं का. आमच्या घरी संपतच नाही, मशीनचं निदान संपतं. हसले. चल, मी डबा आणलाय, खाऊन घे आधी."

धाकटीला इतकं हलकं वाटलं, की तिने उभ्या उभ्याच डबा संपवला. घोडं गंगेत न्हालं, आता राहिलं काय? फक्त तिचा स्वतःचा पेपर.

दुपारी चिठ्ठीवरचा प्रश्न वाचल्या वाचल्या तिला अख्खा प्रोग्राम डोळ्यांपुढे दिसला. दिलेली संख्या उलटी करून छापायची. सोपं. तिने कीबोर्डवर हात ठेवले आणि पहिलंच अक्षर सापडेना. पडद्यावरून वर्षभर वाचलेली ती सगळी अक्षरं इथे कुणीतरी पोत्यातून ओतल्यासारखी पडली होती. एका बोटाने ती टोचत राहिली. महिरपी कंस कुठे असतो? तो बटणावर दिसत होता, पण दाबला की चौकोनी यायचा. शिफ्ट धरायची असते हे तिला माहीत होतं, थोरलीला तिनेच तर सांगितलं होतं. पण धरायला गेली आणि शेजारचं बटण दाबलं गेलं. पुढच्या चार ओळी मोठ्या अक्षरांत उमटल्यावर तिच्या लक्षात आलं. पुसायला गेली तर बरोबर असलेलंही पुसलं गेलं.

आजूबाजूला खडखडाट चालू होता. तिच्या बोटांना घाम आला.

"सर, हा कीबोर्ड जड चालतोय."

सर जवळ आले, दोन-तीन बटणं दाबून बघितली. "बरा आहे की. सकाळी तुमच्या ताई याच मशीनवर होत्या."

नाचता येईना, अंगण वाकडं. सर तसं म्हणाले नाहीत, पण तिचे कान तापले. तिने उरलेलं कसंबसं टोचलं आणि चालवलं. पडदा चुकांनी भरून गेला. कुठली चूक कशाने आली ते तिला ओळीओळीने कळत होतं, हेच तर संतापजनक होतं. एक कंस वर हवा होता, एक शब्द लहान अक्षरांत, एक अवतरणचिन्ह. शेजारी थोरली असती तर धाकटीने तीन शब्द उच्चारले असते आणि काम फत्ते. पण थोरली नव्हती. धाकटी अवतरणचिन्ह शोधत असतानाच सर म्हणाले, "वेळ झाली. हात वर."

निकाल लागला तेव्हा दोघी बोर्डासमोर शेजारी उभ्या होत्या. लेखी परीक्षेत धाकटीचे मार्क वर्गात सगळ्यांत वरचे. प्रॅक्टिकलला नापास. प्रॅक्टिकलला नापास म्हणजे विषयात नापास, आणि विषयात नापास म्हणजे नापास. वरच्या ओळीत थोरली होती. लेखीत काठावर, प्रॅक्टिकलला उत्तम, पास.

धाकटीने नंबर पुन्हा पुन्हा वाचला. वाचून तो बदलणार नव्हता. दोघी फाटकाबाहेर पडल्या. रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं. थोरलीने आज टाचांचं गाऱ्हाणंसुद्धा केलं नाही. ती आता टोमणा मारणार, या धास्तीने धाकटीच आधी बोलली.

"झालं. तुमची सुटका झाली ताई. उद्यापासून माझ्यामागे फरफटायला नको."

थोरली चालता चालता थांबली.

"कसली सुटका?"

"अहो, म्हणजे... मामंजी म्हणालेच होते ना. दोघी पास झाल्या तर. आता दोघी घरी."

"मला माहीत आहे ते काय म्हणाले होते." थोरलीचा आवाज चिरकला. "माझं वर्ष घालवलंस गं तू. माझं."

धाकटीने तिला आजवर कधी रडताना बघितलं नव्हतं. घरात मोठमोठे प्रसंग झाले, दवाखाने झाले, तेव्हाही ही बाई डोळे कोरडे ठेवून सगळ्यांना चहा देत फिरली होती. आता रस्त्यात, लोक वळून बघत असताना ती पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती.

"पण तुम्हाला तर... तुम्ही रोज म्हणायचात, तुझ्यापायी..."

"मग काय म्हणू? मला शिकायचंय म्हटलं असतं तर पाठवलं असतं मला कुणी? या वयात, पोर पदरात असताना? तुझ्या सोबतीला म्हणून सुटले मी घरातून. कुरकुर केली नसती तर तेही बंद केलं असतं त्यांनी." तिने नाक पुसलं. "त्या कीबोर्डला तुला हात लावू दिला नाही, ते माझं चुकलं. लावू द्यायला हवा होता. पण मला सोडवतच नव्हता."

अख्खं वर्ष या बाईच्या मांडीला मांडी लावून धाकटी बसली होती. 'ताई, तुम्हाला आवडतंय का हो?' एवढं साधं एकदासुद्धा विचारलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती रस्त्याकडे बघत राहिली.

"सुट्टीत पुरवणी परीक्षा असते," ती शेवटी म्हणाली. "फक्त प्रॅक्टिकलची. पण मामंजी ऐकतील?"

"त्यांच्याशी मी बोलते. लॅब सुट्टीतही उघडी असते, सरांना मी विचारून ठेवलंय."

"कधी विचारलंत?"

"तुझा पेपर झाला त्याच दिवशी. तुझं तोंड बघूनच कळलं होतं मला."

दोघी पुन्हा चालायला लागल्या. कोपऱ्यावर धाकटीने भीत भीत विचारलं, "ताई, पुढच्या वर्षी काय काय असतं, ते बघितलंय तुम्ही?"

"डेटाबेस," थोरली समोर बघतच म्हणाली. "मग नेटवर्क. मग डेटा स्ट्रक्चर. ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या सहामाहीत. त्याच्याबरोबर संख्याशास्त्र, आणि मग कम्पायलर, पण तो ऐच्छिक आहे, मी घेणार आहे."

तिने एकही विषय आठवायला वेळ घेतला नाही. त्यातला शेवटचा शिकवतात, हे धाकटीला माहीतही नव्हतं.