शेजारची किल्ली

आमच्या गावात दाराला कुलूप असतं, पण किल्ली घरच्या माणसाकडे कधीच नसते. धरमतरच्या खाडीकडची माणसं सकाळीच मिठागरावर जातात आणि जाताना किल्ली शेजारी देऊन जातात. आमची किल्ली विमलबाईंच्या दारामागच्या खिळ्याला. ती स्वतःच्या कनवटीला लावून नेणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं.

माझी धाकटी बहीण किमया याच वळणाची. नववीत शाळेने प्रत्येक पोराला कॉम्प्युटरचा वेगळा पासवर्ड दिला. कोणालाही सांगायचा नाही असा नियम होता, नियमाच्या कागदावर आईची सहीही घेतली होती. विमलबाईंचा नातू ऋत्विक तिच्याच वर्गात. तो स्वतःचा पासवर्ड विसरला आणि संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन तिचा मागू लागला. किमया घुटमळली. आई तिथेच सुकट निवडत बसली होती. तीच म्हणाली, "दे गो त्याला, घरचाच पोर हाय."

पुढे काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. गणिताच्या बाईंचा चेहरा भलत्याच उघड्या बाईला चिकटवून कोणीतरी तो फोटो शाळेच्या ऑनलाइन पानावर टाकला. पोरांनी पाहिला, त्यांच्या आईबापांनी पाहिला. त्या बाई पेणहून रोज यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. फोटो टाकणाऱ्याच्या जागी नाव होतं किमयाचं.

आईचा फोन आला तेव्हा मी कंपनीत शिफ्टवर होते. दुसऱ्या दिवशी खाडा करून मी रोह्याजवळच्या वरशाहून, माझ्या सासरहून निघाले, रोह्याला गाडी पकडली, पेणला उतरून रिक्षा केली. वाटभर मी एकच घोकत होते, पोरीला शाळेतून काढू द्यायचं नाही. आमच्या घरात दहावीपर्यंत कोणी पोचलेलं नाही. मीसुद्धा नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघी उभ्या होतो. समोर विमलबाई आणि ऋत्विक. किमयाने सरळ सांगून टाकलं, "सर, माझा पासवर्ड ऋत्विककडं व्हता. त्या दिवशी खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर तोच बसला व्हता."

पोरगा खाली बघत होता. त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आतच विमलबाई म्हणाल्या, "माझ्या नातवाला कोनाचा पासवर्ड ठाव नाय."

त्या खोटं बोलत होत्या आणि ते मला त्यांच्या गळ्याच्या शिरांवरून दिसत होतं. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता, पण त्याला प्रकरण मिटवायचं होतं. तो आईकडे वळला. "काशीबाई, मुलीने पासवर्ड याला दिलेला तुम्ही पाहिलात का? पाहिलात असं सांगा, मी पुढची चौकशी लावतो. नाहीतर नियमाप्रमाणे जबाबदारी हिची. तुम्ही दाखला काढून न्या, म्हणजे मला पोलिसांत जावं लागणार नाही."

मी आईकडे पाहिलं. किमयाने आईकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं.

आईने पदर नीट केला. "मी मिठागरावर असते, सायब," ती म्हणाली. "मला काय ठाव नाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले, ही तिथेच बसली होती, हिनेच द्यायला सांगितला. पण मी पडले वरशाची, त्या संध्याकाळी घरात नसलेली. माझ्या बोलण्याला कोण विचारतो? किमया मात्र दप्तराचा पट्टा खांद्यावर चढवून दाराकडे निघाली. तिने रडायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

घरी आल्यावर मी आईला फाडून खाल्लं. ती चुलीपाशी बसून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझा बा मिठागरावर पान लागून, साप चावून मेला तवा मी शुद्धीत नव्हते. त्या बाईनं कुलूप काढून त्याला घरात घेतला, त्याला आंघोळ घातली. तिच्या नातवावर मी आळ घेऊ? किमयाला तू रोह्याला नेशील. मला हितंच रावायचा हाय, अनिता."

तिचं चुकलं, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण त्या रात्री मी उठले आणि किमयाचं सामान भरायला घेतलं. सकाळी आम्ही निघालो तेव्हा आई मिठागरावर जायला तयार होती. तिने कुलूप लावलं आणि नेहमीसारखी किल्ली विमलबाईंच्या हातात दिली. विमलबाईंनी ती घेतली. दोघीही एकमेकींकडे न बघता वळल्या.

दाखल्यावर वर्तणुकीपुढे 'असमाधानकारक' लिहिलंय. रोह्याच्या दोन शाळांनी तो वाचून परत दिला. किमया आता माझ्या घरी असते, माझं लेकरू सांभाळते. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसवीन म्हणते मी. ती हो म्हणते, पुस्तक उघडत नाही. माझ्या नवऱ्याचा जुना फोन तिच्याकडे असतो.

गेल्या महिन्यात आई आली. किमयाच्या आवडीचे बोंबील आणले होते. किमयाने ते मुकाट्याने डब्यात भरले. संध्याकाळी आईला विमलबाईंना फोन करायचा होता, कोंबड्या आत घेतल्या का विचारायला. तिने किमयापुढे हात केला.

किमया फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदा आड धरून तिने आकडे दाबले आणि मग उघडलेला फोन आईला दिला.

"माझ्यापासनं काय लपवतेस गो?" आई हसत म्हणाली.

"नियम हाय, आये," किमया म्हणाली. "कोनाला सांगायचा नाय. घरच्यांना तर नायच."

आईने नंबर लावून फोन कानाला धरला. पलीकडून विमलबाई हॅलो हॅलो म्हणत राहिल्या, आणि आईने फोन हळूच कानावरून खाली घेतला.