उलटी काजपट्टी

शिवणाच्या बाईंनी आणखी एक शर्ट टेबलावर पसरला आणि कपाळाला हात लावला. याचीही काजं उजव्या बाजूला. पुरुषाच्या शर्टाची काजं डावीकडे असतात. पण विद्यार्थिनींनी परीक्षेसाठी पाठवलेल्या गठ्ठ्यातला एकूण एक शर्ट उलटा होता. शिलाई मात्र सरळ, टाके एकसारखे. चुकण्यात इतकी शिस्त बाईंनी कधी पाहिली नव्हती.

संस्थेने यंदा त्यांचा वर्ग बंद करून धडे मोबाइलवर चित्रित करायला सांगितले होते. लांबच्या मुलींनाही शिकता येईल, म्हणे. बाईंना हे उंटावरून शेळ्या हाकणं वाटलं होतं, पण शिकवणंच सुटलं तर आपण करायचं काय, ही भीती मोठी होती. चित्रण यजमानांनी केलं. बँकेतून निवृत्त झालेला, जन्मात सुईत दोरा न ओवलेला माणूस. बाईंना आपले हात पडद्यावर दिसावेत म्हणून त्यांनी फोनचा पुढचा कॅमेरा लावला होता.

एक धडा लावून पाहिला, तर बाईंच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ उजव्या हातात दिसलं आणि सगळा उलगडा झाला. कॅमेऱ्याने आरशासारखं उलटं टिपलं होतं. बाई शिकवताना डावं-उजवं म्हणतच नसत. "हे असं, इकडून असं," एवढ्यावर त्यांचा वर्ग वर्षानुवर्षं चालला होता. मुलींनी दिसलं तसं इमानेइतबारे शिवलं.

बाईंनी संचालकांना फोन करून सांगून टाकलं, की हे आपल्याच्याने होणार नाही, दुसरी कोणी बघा. संध्याकाळपर्यंत विचार करा, असं ते म्हणाले. विचार झालाय, म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि यजमानांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्यांना रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता.

यजमान मुकाट आत गेले आणि एक शर्ट घेऊन आले. जुन्या चादरीचा.

"हा कोणी शिवला?"

"मी. दुपारी तू झोपलीस की बसायचो."

बाईंनी चष्मा लावला. एक बाही आखूड, कॉलर एका अंगाला कललेली, टाके वाट फुटेल तिकडे गेलेले. काजं मात्र डावीकडे होती.

"सगळ्यांची उलटी झाली. तुमची बरी सरळ आली?"

"मी कुठं फोनमध्ये बघत होतो? तुझ्याकडे बघत होतो."

बाईंनी कॉलर बोटांनी चाचपली, उलटून पाहिली.

"ही उसवावी लागेल."

"उसवतो. पण कॉलर तू फार घाईत शिकवलीस. मला कळलीच नाही."

इतक्या वर्षांत कोणा विद्यार्थिनीची असं म्हणायची हिंमत झाली नव्हती. बाईंनी टेबलावरचे शर्ट बाजूला सारले आणि कोरं कापड अंथरलं.

"पुन्हा दाखवते," त्या म्हणाल्या. "फोन आणा. आणि या वेळी फिरवून धरा."