शंभर खडे

सलग दुसऱ्या दिवशी वाडगा जसाच्या तसा होता. पालझेसने झरोक्याची फळी सरकवली, आत पाहायचं नाही म्हणून तोंड फिरवून हात घातला, तर कालची सातूची पेज गोठून दगड झालेली. आदल्या दिवशीच्या भरल्या वाडग्यात निदान खडा तरी होता. आज तोही नव्हता.

त्या दगडी खोलीत तिची धाकटी बहीण होती, आनी, म्हणजे भिक्षुणी, येशे. शंभर दिवसांचं मौन धरून बसलेली. दार दगडमातीने लिंपून टाकलेलं. बोलायचं नाही, कुणाचं तोंड पाहायचं नाही. आत जाताना येशेने मोजून शंभर खडे नेले होते. रोज एक खडा रिकाम्या वाडग्यातून बाहेर यायचा आणि पालझेस तो झरोक्याखाली रचायची. ब्याण्णव झाले होते, आठ राहिले होते.

मठाच्या प्रमुख आनी दोलकर यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वाडगा लागोपाठ दोनदा भरलेला आला की पहिलं मला येऊन सांगायचं. भिंत फोडायची. त्यात हयगय नको."

मग धावत खाली जायचं सोडून ही बाई गुडघाभर बर्फात उभी का राहिली? कारण साधं होतं. तिला भीती वाटत होती, आणि एक नाही, दोन भीती वाटत होत्या.

घरातली एक मुलगी मठाला द्यायची असं ठरलं, तेव्हा पाळी पालझेसची होती. ती डोझर चालवणाऱ्या नोर्फेलबरोबर पळून गेली आणि तिच्या जागी नऊ वर्षांच्या येशेचं डोकं भादरलं गेलं. पुढे पालझेसने बावीस वर्षं रस्त्याच्या कॅम्पात मजुरांना रोट्या भाजून घातल्या. येशे पहिल्यांदा शंभर दिवसांना बसली, तेव्हा चाळिसाव्या दिवशी नोर्फेल दरडीखाली गेला. पालझेस याच झरोक्याशी येऊन ऊर बडवत राहिली, आणि येशे भिंत फोडून बाहेर आली. त्याबद्दल ती कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं पालझेसला फार वेळा वाटलं होतं.

कॅम्प सुटल्यावर ती मठात आली. पगार नको, कोपरा द्या म्हणाली. छपरावरचं बर्फ ओढ, शेणी वाळव, म्हाताऱ्या भिक्षुणींचे पाय चोळ, सगळं फुकट. त्या तिला आचे म्हणायच्या, मोठी बहीण. मीठ खाण्यावरून तिची चेष्टा करायच्या. कॅम्पातली जीभ, तिला सगळं अळणी लागायचं. येशेने मात्र मीठ कधीच सोडलं होतं. एकसष्टाव्या वर्षी येशे पुन्हा बसते म्हणाली, तेव्हा वाडगा नेण्याचं काम पालझेसने हट्टाने मागून घेतलं.

आणि आता हे. भिंत फोडली तर येशेचं मौन दुसऱ्यांदा तिच्याच हातून मोडणार. नाही फोडली तर बहीण जाणार.

बघायचं नाही, बोलायचं नाही. हात लावायचा नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने बाही सारली आणि दंडापर्यंत हात आत घातला. आत गारठा होता आणि जुन्या लोण्याचा वास. काहीच लागलं नाही. तिला वाटलं, आता हात ओढून घ्यावा आणि ओरडत सुटावं.

मग बोटांना बोटं लागली. तापाने नुसती फणफणलेली.

"येशे," नियम मोडून ती पुटपुटली, "फोडू का गं भिंत? आत्ता फोडते, सांग फक्त."

त्या हाताने तिचा तळवा उताणा केला. एक खडा ठेवला. दुसरा ठेवला. सावकाश, दम घेत, आठच्या आठ ठेवले आणि तिची मूठ मिटवून वरून दाबली.

लहान पोरालाही कळलं असतं. मला आता मोजवत नाहीत. उरलेले तू मोज. पूर्ण कर.

पालझेस तिथेच बसली. हुंदका बाहेर फुटू नये म्हणून बाहीचा बोळा तोंडात धरला. मग एक खडा ढिगावर ठेवला, कालची गोठलेली पेज पाखरांना टाकली, आजचा गरम वाडगा मांडीवर घेतला आणि स्वतःच खायला लागली. घास घशाखाली उतरेना. अळणी पेज डोळ्यांतल्या पाण्याने खारट होत होती. तरी तिने तळ पुसून घेतला.

स्वयंपाकघरात आनी दोलकर चुलीशी होत्या. येशेचा वाडगा प्रमुखानेच भरायचा अशी रीत होती.

"काय गं आचे, खाल्लं का आज बहिणीनं?"

"चाटूनपुसून."

"मग तुझं तोंड का असं उतरलंय?"

"थंडी, दुसरं काय."

दोलकर तिच्याकडे बघत राहिल्या. मठात उभं राहून, बुद्धाच्या घरात, ती धडधडीत खोटं बोलली होती.

"हनुवटी पूस," दोलकर म्हणाल्या. "सातू लागलाय."

"पीठ चाळताना उडाला असेल."

"असेल."

दुसऱ्या दिवसापासून घास जरा सोपा उतरायला लागला. का, ते तिच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात फक्त भीती होती. रोज फळी सरकवताना वाटायचं, आज हात येणार नाही. रोज तो यायचा, आदल्या दिवसापेक्षा हलका होऊन. तिने तापाची गोळी दिली, ती तशीच परत आली. कोमट पाणी तेवढं येशेने घेतलं. पालझेस पहाट फुटल्यापासून उन्हं येईपर्यंत तिचा हात धरून बसायची. लहानपणी शेरडं राखताना तो धरायची तसाच.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी हात झरोक्याशीच होता, पण मिटला नाही. नव्व्याण्णवाव्या दिवशी तो दगडासारखा गार लागला.

तरी तिने वाडगा रिकामा केला. खाली जाऊन "चाटूनपुसून" म्हणाली. आपण हे काय करतोय, हा विचार दिवसभर तिची पाठ सोडत नव्हता.

शंभराव्या सकाळी सगळ्या भिक्षुणी मान देताना गळ्यात घालायचे पांढरे खातक घेऊन वर आल्या. दोघींनी पहार घातली. दगड सुटत गेले. येशे भिंतीला टेकून बसली होती, मान खाली आणि उजवा हात झरोक्याकडे लांबवलेला.

दोलकर आत वाकल्या, खातक तिच्या गळ्यात घातला आणि तो लांबवलेला हात अलगद मांडीवर ठेवला. मग बाहेर येऊन पालझेसपुढे उभ्या राहिल्या.

"किती झाले?"

"शंभर," पालझेस म्हणाली. "आनी, मी खोटं बोलले. वाडगा रोज मी..."

"सांगितलं असतंस तर मला भिंत फोडावी लागली असती," दोलकर म्हणाल्या. आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मीठ बरोबर होतं ना?"

पालझेसने मान डोलावली. तिच्या मुठीत शेवटचा खडा होता, तो तिने ढिगावर ठेवला.